हाक आणि ओ

"बाई आली." "बाई आल्या."

दोन्ही वाक्यांतली बाई एकसारखीच असू शकते. चाळिशीची, जिना चढून दमलेली, खांद्याला पिशवी. पण पहिलं वाक्य कानावर पडलं की घरातलं माणूस सिंकमधली भांडी आवरायला उठतं, आणि दुसरं पडलं की चाळीस मुलांचा वर्ग चिडीचूप होतो. शब्द तोच आहे, फरक फक्त क्रियापदाच्या शेपटाचा. व्याकरणात त्याला आदरार्थी बहुवचन म्हणतात आणि शाळेत तो विषय दोन ओळींत संपतो. रोजच्या जगण्यात मात्र तो कधीच संपत नाही.

मराठीत तोंड उघडायचं तर आधी समोरच्याची जागा ठरवावी लागते. 'बस' म्हणायचं की 'बसा', हे ठरल्याशिवाय साधं खुर्चीकडे बोट दाखवणंही अडतं. त्यात एक बारीक गोष्ट आहे. 'तू आलास', 'तू आलीस' यांत समोर पुरुष आहे की बाई हे कळतं. 'तुम्ही आलात' म्हटलं की ते कळत नाही. 'जातोस', 'जातेस' आणि 'जाता' यांचंही तसंच. म्हणजे मान दिला की समोरासमोरच्या बोलण्यात क्रियापदातलं बाईपण-पुरुषपण गळून पडतं आणि उरतो तो फक्त मान. पाठीमागे बोलताना मात्र ते परत येतं, 'साहेब आले', 'मॅडम आल्या'.

मूल हे सगळं अंक शिकायच्या आधी शिकतं. त्याला कोणी नियम सांगत नाही. 'बाबा आले' आणि 'आई आली', 'आजोबा आले' आणि 'आजी आली', हे ते रोज ऐकतं. 'ए आई' आणि 'अहो बाबा' हे जुन्या घरांतलं ठरलेलं माप होतं. आज पुष्कळ घरांत 'ए बाबा' रुळलंय, पण 'अहो आई' हे सासूसाठीच राखलेलं आहे. आईला एकेरी म्हणण्यात जिव्हाळा आहे, देवालाही आपण 'तू'च म्हणतो, असं आपण मोठ्या प्रेमाने सांगतो, आणि ते खरंही आहे. पण जिला 'तू' म्हणता येतं तिलाच जागेवरून न उठता "पाणी दे गं" असंही म्हणता येतं, हेही तितकंच खरं. त्याच घरात "बाबा, पाणी देता का?" हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, ते आपापल्या घरी आठवून पाहावं.

एकत्र कुटुंबांत एक रीत होती, अजून काही घरांत आहे. मूल स्वतःच्या आईला 'वहिनी' म्हणायचं आणि वडिलांना 'भाऊ' किंवा 'दादा'. कारण साधं होतं. काका, आत्या दिवसभर तिला वहिनी म्हणून हाक मारायचे, मुलाच्या कानावर तोच शब्द पडायचा, तेच तिचं नाव असणार असं त्याला वाटायचं. मग साठ वर्षांचा मुलगा नव्वदीच्या आईला वहिनीच म्हणत राहायचा. शिकागो विद्यापीठात शिकवणारे जॉर्ज हर्बर्ट मीड शंभर वर्षांपूर्वी सांगत होते की माणसाला स्वतःची ओळख आतून आयती मिळत नाही, इतर जण आपल्याकडे कसे बघतात ते बघून तो स्वतःकडे बघायला शिकतो. माणसाच्या 'स्व'चे त्यांनी दोन भाग केले होते. एक कृती करणारा 'मी', दुसरा लोकांच्या नजरेतून परत येणारा 'मला'. वहिनी म्हणवल्या जाणाऱ्या त्या आईचा हा 'मला' कोणता असेल? पोटचं पोरही तिला सासरच्या नात्याने हाक मारत येतं. त्या घरात निव्वळ आई म्हणून तिला कोणी बोलवतच नाही.

आपल्याकडे नुसती हाक पुरी पडत नाही, तिला 'ओ' द्यावी लागते. हाकेला ओ देणं हा शब्दप्रयोगच आहे. लहान मुलांना शिकवतात, मोठ्यांनी बोलावलं की "काय?" म्हणायचं नाही, "ओ" म्हणायचं. विदर्भात 'जी' म्हणतात, 'हो जी'. हाक आणि ओ ही जोडी आहे, आणि माणसाचं काय होतं ते या जोडीतून ठरतं. एकटा 'तू' अपमान करत नाही आणि एकटं 'तुम्ही' मान देत नाही. जी हाक आली तीच परत देता येते का, एवढाच खरा प्रश्न आहे. दोन मित्र एकमेकांना 'साल्या' म्हणतात, कोणाचंच काही बिघडत नाही. एकाने 'तू' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'जी, मालक' म्हणायचं, तिथे दोघांचेही कणे वेगवेगळ्या आकारात घडतात. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपातल्या भाषांच्या सर्वनामांबद्दल हेच मांडलं होतं. एकाने एकेरी आणि दुसऱ्याने अनेकवचनी बोलायचं, तिथे सत्ता असते. दोघांनी एकच सर्वनाम वापरायचं, तिथे आपलेपण तरी असतं किंवा परकेपण तरी.

लग्नात हे सगळं एका दिवसात घडवून आणायची आपली पद्धत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. ताट आडवं करून तांदूळ परत भरले की अक्षरं राहत नाहीत, नाव मात्र राहतं. ज्या घरांत अजून नाव बदलतात तिथे पुढचे काही महिने काय होतं ते बघण्यासारखं असतं. स्वयंपाकघरातून नवी हाक येते, ती पहिल्यांदा कानावरून जाते, दुसऱ्यांदाही जाते. "लक्ष नसतं तिचं," असं घरात म्हणतात. लक्ष असतं, पण पंचवीस वर्षं ज्या आवाजाला मान वळली तो आवाज वेगळा होता. नव्या नावाला मान आपोआप वळायला वेळ लागतो. आणि ती वळायला लागली की माहेरी जुन्या नावाने हाक आल्यावर अंगभर जी हलकी लहर जाते, तिच्याबद्दल बायका आपापसात बोलतात, पुरुषांना ती बहुधा माहीतच नसते.

त्या जोडीलाच 'अहो आई' येतं. स्वतःच्या आईला "जेवतेस का गं?", सासूला "आई, जेवता का?". सर्वनामाबरोबर शरीरही बदलतं. आईसमोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसणारी मुलगी 'अहो आई' म्हणताना पाय खाली सोडते. आवाज अर्ध्या पट्टीने वर जातो, वाक्याच्या शेवटी 'का' येतो. 'मी झोपते' याचं 'मी जरा पडू का?' होतं. सासू प्रेमळ असली तरी होतं, कारण हाक परत तशीच येत नाही. सून 'तुम्ही' म्हणते, सासू 'तू' म्हणते. काही जुन्या मराठा घराण्यांत सुनेला, मुलांनासुद्धा 'तुम्ही' म्हणायची चाल आहे. तिथे वातावरण औपचारिक असतं हे खरं, पण निदान हाक दोन्ही बाजूंनी सारखी जाते.

नवरा-बायकोंचं त्या मानाने झपाट्याने बदललं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्यात, म्हणजे यमकाच्या आडून आणि चारचौघांच्या आग्रहावरून. 'इकडून येणं झालं', 'तिकडची स्वारी' हे तर आता नाटकातच उरलं. 'अहो' खूप टिकलं. ते संबोधन होतं आणि हळूहळू नावच होऊन बसलं, "आमचे अहो". आज शहरातली बहुतेक तरुण जोडपी एकमेकांना 'तू' म्हणतात आणि गावी गेली की आठ दिवसांपुरतं 'अहो' बाहेर काढतात. हे आठ दिवस फार शिकवून जातात. पुण्यात "तू भाजी आण" असं सहज म्हणणाऱ्या मुलीला गावी "अहो, भाजी आणाल का?" म्हणावं लागतं, आणि एवढं लांबलचक विचारण्यापेक्षा ती स्वतःच पिशवी घेऊन निघते.

'तुम्ही'वरून 'तू'वर कसं यायचं, याचेही अलिखित नियम आहेत. सुरुवात मोठ्याने करायची असते. वयाने, हुद्द्याने किंवा नात्याने मोठा माणूस "अरे, मला तू म्हण" म्हणतो, लहानाने स्वतःहून म्हणायचं नसतं. मोठ्याला वाटतं, सांगितलं म्हणजे झालं. तसं होत नाही. पुढचे कित्येक दिवस लहानाची जीभ अडखळते. सर्वनाम बदलतं, क्रियापद जुनंच राहतं, "तू ते बघितलंत का?" असं काहीतरी बाहेर पडतं आणि दोघंही ओशाळतात. अशा वेळी मोठ्याने हसून दुरुस्त करायला जाऊ नये, कारण मग समोरचा कायमचा 'सर'वर परत जातो. दुर्लक्ष करावं, दोन-तीन आठवड्यांत क्रियापद आपोआप जुळतं.

मधल्या काळासाठी मराठीने पळवाटाही फार सुंदर ठेवल्यात. 'जेवण झालं का?', 'निघायचं ना?', 'कधी येणं झालं?', 'काय म्हणतंय घर?' या वाक्यांत ना तू आहे, ना तुम्ही. पश्चिम महाराष्ट्रात अनोळखी माणसाला "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" विचारतात. तिथे माणूसच नपुंसकलिंगी करून टाकलाय, म्हणजे चुकायला वाव नको. गावाचं नाव कळलं, पाठोपाठ आडनाव कळलं, की मग क्रियापद ठरतं. त्या प्रश्नात जातीची चौकशी दडलेली असते, हेही ऐकणाऱ्याला पुरतं कळतं. आणि 'आपण' तर विलक्षणच शब्द. 'आपण बसावं' म्हणजे तुम्ही, 'आपण जाऊ या' म्हणजे तू आणि मी दोघं, आणि मुंबईच्या नाक्यावरचं 'आपण नाय घाबरत' म्हणजे फक्त मी.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आली तेव्हा एक अडचण झाली. चोवीस वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या वरिष्ठाला इंग्रजीत नुसत्या नावाने हाक मारतो, तिथे काही अडत नाही. तीच दोघं जेवायच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मराठीत बोलायला लागतात आणि गाडी थांबते. नुसत्या नावापुढे 'तुम्ही' लावलं तर विचित्र वाटतं, 'तू' लावलं तर जीभ रेटत नाही. मग दोन मराठी माणसं हिंदीत 'आप' म्हणतात किंवा सरळ इंग्रजीत जातात. मराठी माणसं एकमेकांशी मराठी बोलत नाहीत म्हणून आपण हळहळतो, पण त्यामागचं हे एक अगदी घरगुती कारण आहे आणि ते न्यूनगंडापेक्षा वेगळं आहे. मराठीत बोललं की पायरी ठरवावी लागते, आणि त्या दोघांना ती ठरवायची नसते. स्वीडनमध्ये १९६७ साली ब्रूर रेक्सेद हे सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी पहिल्याच भाषणात सांगितलं की इथून पुढे मी सगळ्यांना एकेरी संबोधणार. ते वारं आधीपासून वाहत होतंच, काही वर्षांत देशच एकेरीवर आला. आपल्याकडे असं एका फटक्यात व्हावं असं मला वाटत नाही. आपल्याकडे 'तू' स्वस्त आहे, महाग आहे ते 'तुम्ही'. वाटायचंच असेल तर ते वाटायला हवं.

कारण 'एकेरीवर येणं' याचा मराठीतला अर्थच भांडण असा आहे. रस्त्यात दोन गाड्या घासल्या की "अहो, बघून चालवा" इथून सुरुवात होते. मग "ओ मिस्टर". मग "ए, आवाज खाली". 'ओ'चा 'ए' झाला की बघे थांबतात, कारण आता हात उठू शकतो हे सगळ्यांना माहीत असतं. 'अरे'ला 'का रे' करणं हा वाक्प्रचार याच क्षणाचा आहे. त्यात उद्धटपणा आहे असं मानतात. मला त्यात एक हिशोबही दिसतो. तू जी हाक दिलीस तीच मी परत दिली, जास्त काही नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'अरे'ला 'जी' म्हणावं लागलं, त्यांच्यासाठी 'का रे' हे फार मोठं पाऊल होतं.

इथे परत त्या पहिल्या बाईकडे यायला हवं. घरकामाला येणाऱ्या बाईला आता शहरात 'मावशी' म्हणतात, काही घरांत "मावशी आल्या" असंही म्हणतात. हा बदल चांगलाच आहे. पण आपण मावशी, मामा, काका कोणाला म्हणतो ते नीट पाहिलं की वेगळंच काही दिसतं. एकाच ऑफिसात, एकाच वयाच्या दोन बाया. टेबलामागे बसलेली 'मॅडम', फरशी पुसणारी 'मावशी'. शिपाई 'मामा', साहेब 'सर'. नात्याचा शब्द जवळीक दाखवतो असं आपण धरून चालतो, पण अनोळखी माणसाला तो दिला जातो तेव्हा तो बहुतेक वेळा खालच्या कामाला चिकटलेला असतो. आणि मावशी उलट काय म्हणते? 'ताई', 'वहिनी', 'तुम्ही'. भाचा किंवा भाची तिला परत मिळत नाही. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेला तिचा वेगळा कप असेल, तर तो कप त्या शब्दापेक्षा जास्त खरं सांगतो.

याचं नुकसान नुसतं मनाला लागत नाही. दवाखान्याच्या औषधखिडकीवर "ए आजी, इकडं ये, कागद दे" अशी हाक येते. म्हातारी पुढे होते. पाकिटं हातात पडतात, "ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी" असं एका दमात सांगून होतं. कळलं का, असं विचारलं तर ती मान हलवते. कळलेलं नसतं. पण ज्याला 'ए' म्हणून बोलावलंय तो माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही, पहिल्यांदा विचारतानाही पदर तोंडाशी जातो. घरी गेल्यावर जेवणाआधीची गोळी जेवणानंतर पडते. त्याच खिडकीवर इस्त्रीचा शर्ट आला की "बोला साहेब" होतं आणि साहेब चार प्रश्न विचारतो. साहेबाला आजीपेक्षा अक्कल जास्त असते असं काही नाही. त्याला प्रश्न विचारायची जागा मिळाली, आजीला मिळाली नाही. "या आजी, बसा. आता मला सांगा, ही कधी घ्यायची?" एवढ्याने तिचं तोंड उघडतं. आधी 'बसा', मग तिच्याच तोंडून उत्तर. अर्धं मिनिट जास्त लागतं.

गावगाड्यात हे 'ए' नावातच घालून ठेवलेलं होतं. धोंडिबाचा धोंड्या, किसनचा किसन्या, सखूबाईची सखी. वाड्यातलं दहा वर्षांचं पोर साठीच्या माणसाला "ए किसन्या" म्हणून हाक मारायचं आणि त्याने "जी धाकलं मालक" म्हणून ओ द्यायची. महार समाजाच्या माणसाने वाटेत 'जोहार मायबाप' म्हणायचं, वाकून, अंतर राखून. जोहार घेणारा जोहार परत देत नसे. तो शब्द एका बाजूने जायचा आणि तिथेच थांबायचा. चोखोबांच्या अभंगांत जोहार नावाचे अभंग आहेत, त्यांनी तो शब्द देवापुढे नेऊन ठेवला. पण गावच्या वाटेवर त्याचा आकार तोच राहिला.

'जय भीम'ने नेमकं हेच मोडलं. या अभिवादनाचं श्रेय कामठीचे आंबेडकरी कार्यकर्ते बाबू हरदास यांना दिलं जातं, काळ १९३०च्या दशकाचा. शब्दात बाबासाहेबांचं नाव आहे हे तर मोठं आहेच, पण त्याची रचनाही पाहावी. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च. लहानाने म्हटलं तरी, मोठ्याने म्हटलं तरी. वाकावं लागत नाही, अंतर ठेवावं लागत नाही, आवाज दबत नाही. दिवसातून पंचवीस वेळा जो शब्द वाकून म्हणावा लागे, त्याच्या जागी ताठ मानेने म्हणायचा आणि तसाच परत मिळणारा शब्द आला. दिवसाला पंचवीस वेळा पाठ सरळ होते, वर्षानुवर्षं होते, तेव्हा ती सरळच राहायला लागते. वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. माणसांच्या हाका त्याआधी कितीतरी वर्षं माणसांनीच बदलल्या होत्या.

आणि एक हाक वारीतली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून निघते, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूरला पोचते. सुमारे अडीचशे किलोमीटर. या वाटेवर सगळ्यांना एकच नाव असतं, माउली. टँकरच्या नळावर "माउली, हंडा सरकवा". तंबूत रात्री "माउली, पाय घ्या जरा". वाट अडवून उभ्या असलेल्या पोलिसालाही माउली, आणि तोही "चला माउली, पुढं चला" म्हणतो. भेट झाली की एक जण पायाला हात लावतो आणि दुसरा उभा राहत नाही, तोही वाकतो. कोण आधी वाकलं याला अर्थ उरत नाही. शब्द स्त्रीलिंगी आहे, आईसाठीचा आहे, आणि मिशीवाल्या धिप्पाड गड्यालाही तोच. घरी "आई, सरक" म्हणणारी जीभ इथे "माउली, सरका" म्हणते. आईला आदरार्थी क्रियापद मिळतं ते या रस्त्यावर.

रस्ता संपला की मात्र देऊळ होतं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, दाराच्या बाहेर. ज्यांना अडीचशे किलोमीटर माउली म्हटलं जायचं त्यातल्या कित्येकांना शेवटच्या पायरीवर परत त्यांची जात मिळायची. ते दार उघडायला १९४७चा मे उजाडावा लागला, साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. हाक किती करू शकते आणि कुठे अडते, ते पंढरपुरात दोन्ही एकाच जागी दिसतं.

पौर्णिमेला काला होतो आणि एसटी स्टँड भरून जातं. गाडीत अजून तीच भाषा चालू असते. "माउली, मागं सरका." "घ्या माउली, सुट्टे आहेत." कंडक्टर अर्धं तिकीट फाडून देतो, खिडकीशी बसलेली साठीची बाई ते कमरेच्या पिशवीत घालते, तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांबरोबर. टेंभुर्णीला गाडी अर्धी रिकामी होते, नवे प्रवासी चढतात, आणि कोणीतरी म्हणतं, "ए आजी, पिशवी घे मांडीवर." ती घेते. फाट्यावर उतरते, शेताच्या बांधाने चालत घरी जाते. अंगणात नातू खेळत असतो. तो आत धावत सुटतो आणि ओरडतो, "आजी आली!"